नोंद झाली

२ मार्च, सोमवार

छापखान्याला कुलूप लागलं त्याला आज सहा महिने झाले. चौतीस वर्षं तिथे मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता घरात शोधतो आणि हिची बोलणी खातो. काल साबणाच्या वेष्टणावरच्या मजकुरातल्या दोन चुका दाखवल्या तर ही म्हणाली, "अहो, साबण अंगाला लावायचा असतो, वाचायचा नसतो."

आज मात्र काम आलं, मुलीच्या ओळखीतून. हृदयाच्या रुग्णांना इस्पितळातून घरी एक यंत्र देतात. एक वजनकाटा, दंडाला बांधायचा पट्टा आणि तळहाताएवढा पडदा असलेला डबा. रोज सकाळी रुग्णाने काट्यावर उभं राहायचं, पट्टा बांधायचा, आणि वजन, रक्तदाब, नाडी हे आकडे डब्यातून थेट इस्पितळातल्या सिस्टरांच्या संगणकावर जाणार. त्या पडद्यावर उमटणारा सगळा मजकूर मला इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायचा आहे. अकराशे चाळीस ओळी, मुदत तीन आठवडे. काम देणाऱ्या बाईंनी पाच मिनिटांच्या फोनमध्ये 'मुदत' हा शब्द नऊ वेळा उच्चारला. मी त्यांचं नाव मुदतबाई ठेवून टाकलं.

एकसष्टाव्या वर्षी नवा व्यवसाय. जमेल की नाही याची धास्ती आहे, पण ती इथेच लिहितो. हिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, साबण सुटला."

५ मार्च, गुरुवार

काम विचित्र आहे. संगणकावर एक तक्ता. डावीकडे इंग्रजी ओळ, उजवीकडे रिकामा रकाना, त्यापुढे एक आकडा, म्हणजे इतक्याच अक्षरांत बसवा. बहुतेक ठिकाणी चौदा. ओळी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या, त्यामुळे शेजारच्या दोन ओळींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. कोणती ओळ पडद्यावर केव्हा येते, तिच्याआधी काय आलेलं असतं, कळायला मार्ग नाही. एका ओळीत नुसतं 'बंद करा' असं होतं. काय बंद करा? खिडकी, यंत्र की बडबड?

मुदतबाईंना विचारलं, ते यंत्र एकदा बघायला मिळेल का. म्हणाल्या, "सर, यंत्र बघायची गरज नसते. आमचे सगळे भाषांतरकार तक्त्यावरच काम करतात." मग पडद्याचे फोटो तरी? "ते नंतर येतील. आधी मुदत."

मी फार ताणलं नाही. पहिल्याच आठवड्यात किरकिर्‍या म्हातारा म्हणून नाव व्हायला नको.

११ मार्च, बुधवार

आज स्वतःवर खूश आहे. सेव्ह्ड, स्टोअर्ड, क्यूड, सेंट, रिसीव्ह्ड. अकराशे ओळींत पाच ठिकाणी विखुरलेले हे पाच शब्द मी हुडकून एका रांगेत आणून उभे केले. एकाच गोष्टीला पाच नावं. छापखान्यात कुणी असं केलं असतं तर मी लाल शाईने पान रंगवलं असतं. सत्तरीतल्या माणसाने सकाळी उठून, चष्मा शोधत, काट्यावर तोल सांभाळत हे भेद कशाला लक्षात ठेवायचे? आकडा घेतला गेला, एवढं कळलं की त्याचं काम झालं. पाचही ठिकाणी एकच लिहिलं: 'नोंद झाली'. चौदा अक्षरांत आरामात बसतं.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "त्यांनी पाच लिहिले म्हणजे काहीतरी फरक असेल ना?"

मी म्हणालो, इंग्रजीला शब्दांची खोगीरभरती करायची सवयच आहे. तिने घड्यांवर घड्या रचल्या आणि विषय सोडला.

२० मार्च, शुक्रवार

मुदतीच्या तीन दिवस आधी काम दिलं. मुदतबाईंचं पत्र आलं. त्यांच्याकडे म्हणे एकसारखेपणा तपासणारी यंत्रणा आहे, आणि इतका एकसारखा मजकूर आजवर कुणाचाच आला नव्हता. इतर भाषांतरकारांना तो नमुना म्हणून दाखवणार आहेत. पत्र छापून घेतलं. हिने विचारलं, चौकट करून लावायचं का. मी गंभीरपणे विचार करतोय हे पाहून ती हसत उठून गेली.

२८ मार्च, शनिवार

अक्काचा फोन. अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. भावोजी गेल्यापासून एकटीच राहते, इथून बसने तीन तासांवर. तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झालीय, ती बदलावी लागणार. ते ऑपरेशन करणारे सर्जन तिच्या इस्पितळात वर्षातून दोनदाच येतात, मे महिन्याच्या शेवटी आणि मग थेट नोव्हेंबरात. नोव्हेंबरपर्यंत थांबणं तिच्या डॉक्टरांना अजिबात पसंत नाही. त्यांनी ते सरळ सांगितलंय.

तिचं नाव मेच्या यादीत आहे, पण अट अशी की आधीचे सहा आठवडे घरातल्या यंत्रावरून रोजचे आकडे आले पाहिजेत. अंगात पाणी साठत असेल तर वजनावरून आधी कळतं. आकडे येत नाहीत त्याचं नाव खाली जातं आणि जागा पुढच्याला मिळते.

यंत्र कोणतं, तर माझंच. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अक्का घाबरली होती, मला ती बटणं जमायची नाहीत म्हणत होती. मी म्हणालो, "अक्का, त्यातला शब्दन् शब्द माझा आहे."

ती म्हणाली, "मग घेते. तू लिहिलंयस म्हणजे खरंच असणार."

७ एप्रिल, मंगळवार

काल संध्याकाळी अक्काकडे आलो. काल सकाळी इस्पितळाचा माणूस यंत्र बसवून गेला होता, पुढच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर. पडद्यावर माझे शब्द चमकताना पाहिले आणि ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं निघाली. हे माझं पहिलं.

पुढच्या खोलीतली एक फरशी उचललेली आहे, त्यामुळे काटा डुगडुगत होता. मी आज सकाळी सगळं बिऱ्हाड मधल्या खोलीत हलवलं, कपाटाशेजारी. तिथे जमीन सपाट आहे. अक्का उभी राहिली. एकसष्ट किलो चारशे. 'नोंद झाली.' माझ्या समाधानासाठी तिला पुन्हा उभं केलं. पुन्हा 'नोंद झाली'.

अक्काने चष्मा लावून पडदा निरखला. "धाकट्या, कोपऱ्यात हे ढगाचं चित्र आहे, त्यावर काट मारलीय. काल ही काट नव्हती."

"हवामान सांगत असेल."

"घरातलं?"

मी म्हणालो, अगं, सजावट असते ती. नोंद झाली म्हणतंय ना, मग झालं. ती म्हणाली, "तू म्हणतोस तर बरं." दुपारच्या गाडीने परत आलो.

२३ एप्रिल, गुरुवार

इस्पितळातून हृदयविभागाच्या सिस्टरांचा फोन. अक्काने नातेवाईक म्हणून माझा नंबर दिलाय. म्हणाल्या, "काका, आजींचे आकडे पहिल्या दिवशी आले, त्यानंतर काहीच नाही. सोळा दिवस झाले. आणखी आठवडाभर असंच राहिलं तर यादीतून नाव काढावं लागेल."

लगेच अक्काला फोन लावला. ती म्हणते, मी रोज उभी राहते. पडद्यावर काय येतं विचारलं, तर म्हणते, 'नोंद झाली' येतं. पण हे कसं शक्य आहे? ती उभी राहिली असती तर नोंद झाली असती, आणि नोंद झाली असती तर सिस्टरांना दिसली असती. ते शब्द मी स्वतः लिहिलेत. म्हणजे ही उभीच राहत नाहीये. विसरत असेल, किंवा कंटाळा करत असेल आणि मला सांगायला लाजत असेल. मी हे सगळं तिला जरा आवाज चढवूनच सुनावलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी रोज उभी राहते रे." आणि फोन ठेवला.

ही ऐकत होती. म्हणाली, "अक्का एक दिवस चुकवणाऱ्या नव्हेत. तीस वर्षांत एकदा ड्यूटीला उशीर झाला नाही त्यांना." मी म्हणालो, ती तीस वर्षं संपून आता दहा वर्षं झाली. अडुसष्ट वय आहे तिचं.

२५ एप्रिल, शनिवार

आजही सिस्टरांकडे काही पोचलेलं नाही. अक्का म्हणते, तिने आता वही घातलीय. रोज आकडा लिहिते, आणि आज तर शेजारणीला बोलावून तिच्यासमोर उभी राहिली. मला वाटतं ती वहीत लिहिते आणि त्यालाच काम झालं असं समजते. शेजारीण काय, तिच्या हो ला हो म्हणणार.

स्मृतिभ्रंशाची लक्षणं वाचून काढली. बारापैकी चार अक्काला लागू पडतात. (मला सहा.) गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली. तिला नुसती तपासणी म्हणून सांगणार आहे.

२७ एप्रिल, सोमवार

अक्काचा फोन सकाळीच. आवाज अगदी सपाट. म्हणाली, "धाकट्या, माझं नाव काढायला सांग त्यांना. मी काट्यावर उभी राहिल्याचं मला आठवतंय, वहीत लिहिलेलं दिसतंय, आणि तुम्ही सगळे म्हणता मी उभीच राहिले नाही. डोकंच असं झालं असेल तर नवी झडप बसवून काय करू? कुणा तरण्या माणसाला मिळू दे ती जागा."

मी तिची समजूत घालायला हवी होती. तिने एकदाचं मान्य केलं याचंच मला आधी बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटतेय, पण तसंच वाटलं. सिस्टरांना लगेच फोन करून तिचा निर्णय कळवलाही. त्या म्हणाल्या, बरं, रांगेत पुढचा माणूस आहे.

हिला सांगितलं. ती आत गेली, माझी पिशवी भरून घेऊन आली आणि पुढ्यात ठेवली. "उद्या पहिल्या गाडीने जा. त्यांच्या शेजारी उभे राहा आणि बघा. बोलू नका. नुसतं बघा." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हा आवाज मी दोनदाच ऐकलाय.

२८ एप्रिल, मंगळवार

अक्काकडून लिहितोय.

साडेनवाला पोचलो. तिने दार उघडलं तेव्हा आधी तिचे पाय दिसले. सुजले होते. माझ्यासाठी वजन करायची थांबली होती, नाश्ताही केला नव्हता. मधल्या खोलीत गेली, काट्यावर उभी राहिली, पट्टा बांधला. बासष्ट किलो नऊशे. 'नोंद झाली.'

मी तिथूनच सिस्टरांना फोन लावला. "आत्ता आला का आकडा?" त्यांनी पाहिलं. नाही आला.

अक्का माझ्या डोळ्यांदेखत काट्यावर होती. पडदा म्हणतोय झाली, सिस्टर म्हणतायत नाही. यातलं कोणीतरी खोटं बोलत होतं आणि ते अक्का नव्हती. छापलेल्यावर संशय घ्यायचा हाच माझा आयुष्यभराचा उद्योग, आणि स्वतःच्या छापलेल्यावर तो घ्यायला मला तीन आठवडे लागले.

डब्यात भाषा बदलायची सोय आहे. मी इंग्रजी केली. जिथे 'नोंद झाली' होतं तिथे शब्द उमटला: क्यूड. म्हणजे रांगेत. आकडा डब्यातच आहे, बाहेर जायची वाट पाहत उभा आहे, गेलेला नाही.

त्या शब्दावर बोट ठेवलं तर यादी उघडली. सहा एप्रिल, त्यापुढे 'रिसीव्ह्ड', पोचला. मग सात एप्रिल, क्यूड. आठ, क्यूड. नऊ, क्यूड. आजपर्यंतचे बावीस दिवस, एकही गाळलेला नाही. वेळासकट. सहा चाळीस, सहा पस्तीस, सहा चाळीस. भाषा पुन्हा आपली केली. तेवीसच्या तेवीस तारखांपुढे एकच मजकूर, 'नोंद झाली'. यंत्राला पोचलेला आणि अडकलेला यातला फरक ठाऊक होता. तो पुसला मी.

आणि आकडे अडकले का, तर मी डबा मधल्या खोलीत आणून ठेवला आणि डब्यातल्या सिमकार्डाला तिथे नेटवर्क मिळत नाही म्हणून. ढगावरची काट तेच सांगत होती.

डबा उचलून पुढच्या खोलीतल्या खिडकीशी नेला. मिनिटभराने ढगावरची काट गेली. फोन चालूच होता. सिस्टर म्हणाल्या, "थांबा काका, काहीतरी येतंय. सात तारीख आली. आठ आली. नऊ. अहो, भराभर येतायत." अक्का खुर्चीत बसून ऐकत होती. माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

एकोणीस, वीस अशा तारखा आल्या तसा सिस्टरांचा आवाज बदलला. आठवड्यात दीड किलो वाढलंय, पाणी साठतंय, आत्ताच्या आत्ता घेऊन या. गाडी केली. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या वाढवल्या, दोन तास बसवून ठेवलं आणि घरी सोडलं. वेळेवर आलात म्हणाले. आणखी आठवडा गेला असता तर काय, हे मी विचारलं नाही.

इस्पितळाच्या बाकावर तिला सगळं सांगितलं. पाच शब्द, एकसारखेपणा, शाबासकीचं पत्र, कपाटाशेजारची सपाट जमीन. आणि गुरुवारी तिला कोणत्या डॉक्टरांकडे नेणार होतो तेही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "शब्द चुकतात रे. आम्हीही एक्स्चेंजमध्ये कितीदा भलत्याच घरी फोन जोडलेत. त्याचं मला काही नाही. पण तू डब्याचं ऐकलंस, माझं नाही."

मी म्हणालो, "चुकलो, अक्का."

"हो," ती म्हणाली. बाकावर आम्ही दोघं तसेच बसून राहिलो आणि मला रडू आलं.

३० एप्रिल, गुरुवार

अक्काची जागा गेली आहे. सोमवारी मी कळवलं आणि त्यांनी लगेच पुढच्या माणसाला फोन केला. तो एका शाळेचा शिपाई आहे, चाळिशीचा, दोन मुली. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "त्याची जागा काढून माझं नाव घालणार असाल तर मी येणार नाही." म्हणजे यादीत जागा नाही आणि नोव्हेंबरपर्यंत वेळ नाही.

सिस्टरांशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. त्यांनी बेचाळीस घरी डबे दिलेत. अक्का सोडून आणखी नऊ जण त्यांच्या वहीत 'अनियमित' आहेत. "म्हातारी माणसं, कंटाळतात," त्या म्हणाल्या. मी विचारलं, त्या नऊ जणांचं म्हणणं काय? त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतात, आम्ही रोज करतो."

त्या नऊ घरांतही कोणीतरी भाऊ, कोणीतरी मुलगा आवाज चढवून बोलत असेल. ते डोक्यातून जाईना.

मुदतबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "सर, इस्पितळाला काही लिहू नका. पुढच्या आवृत्तीत बदलून टाकू. तीन महिन्यांत येईल." मी म्हणालो, तीन महिन्यांत यातला एखादा नसेल. मग त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मागितले होते ते पडद्यांचे फोटो होते आमच्याकडे. शोधून काढायला दोन दिवस लागले असते म्हणून मी दिले नाहीत. आता माझं काय होईल?"

इतके दिवस मी त्यांच्या नावावरून विनोद करत होतो. त्यांच्या मागेही कोणीतरी मुदत घेऊन उभं असतं, हे कधी सुचलं नाही. मी म्हणालो, "फोटो नसताना पाच शब्दांचा एक करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लिहितो. माझ्या सहीने."

दुपारी अक्काच्या जेवणाच्या टेबलावर बसून इस्पितळाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, आकडे अजून डब्यांत सुरक्षित आहेत, डबा खिडकीशी नेला की येतील. दहा जणांपैकी एकानेही हयगय केलेली नाही. आयुष्यभर लेखकांकडून शुद्धिपत्रं लिहून घेतली, स्वतःचं हे पहिलंच. तीनदा फाडलं. अक्काने वाचलं आणि 'बहुधा' हा शब्द खोडला. म्हणाली, "बहुधा काय? चूक झालीय."

५ मे, मंगळवार

सिस्टरांनी नऊ घरी फोन केले. सात जणांनी डबा खिडकीत किंवा गच्चीवर नेला आणि आकडे धो धो आले. एका घरी त्या स्वतः गेल्या. नववे गृहस्थ डबा रागाने माळ्यावर टाकून बसले होते, तो काढायला त्यांच्या सुनेला शिडी आणावी लागली. म्हणजे सगळे खरंच बोलत होते. सिस्टरांनी त्यांची वही मला दाखवली, नऊ नावांपुढचं 'अनियमित' खोडलेलं. दहावं नाव अक्काचं, त्यापुढचंही.

आणि आज अक्काचं दार वाजलं तर मुदतबाई. मला वाटलं होतं कोणी पन्नाशीच्या करड्या बाई असतील. तिशीची मुलगी, हातात तसलाच एक यंत्राचा डबा, बसने आलेली. म्हणाली, "साहेबांना सांगून आले. नवीन आवृत्तीची वाट बघायची नाही, नुसते शब्द बदलायला चार दिवस पुरतात. पण या वेळी यंत्रासमोर बसून करू." मग अक्काकडे वळून म्हणाली, "तुम्ही सांगाल तसे."

अक्काला अशा कामाला बोलावणं लागत नाही. चष्मा पुसून बसली. म्हणाली, "आमच्याकडे घंटी वाजतेय, नंबर गुंतलाय आणि फोन जोडला, या तीन वेगळ्या गोष्टी. पलीकडचा माणूस स्वतः बोलल्याशिवाय 'जोडला' म्हणायची आम्हाला परवानगी नव्हती. मग गिऱ्हाईक कितीही घाई करो." तिने भराभर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 'डब्यात आहे, गेला नाही.' 'निघाला.' 'सिस्टरांना मिळाला.' पहिल्या ओळीखाली आणखी एक ओळ हवी म्हणाली: 'डबा खिडकीजवळ न्या.'

मुदतबाई म्हणाली, हे चौदा अक्षरांत बसत नाही. अक्का म्हणाली, "मग पडद्याला सांग सरकून जागा दे म्हणून." ती पोरगी हसत सुटली, आणि मग खरोखरच कुणाला तरी फोन करून जागा वाढवून घेतली. चौदाचा आकडा कुणी ठरवला हे तिथेही कुणाला ठाऊक नव्हतं.

१२ मे, मंगळवार

सिस्टरांचा फोन. माझं पत्र प्रमुखांनी सर्जनना पाठवलं होतं. दहापैकी चार जण मेच्या यादीतून गळले होते. सर्जन एक दिवस जास्त राहणार आहेत, चौघांसाठी. शिपायाची जागा शिपायाकडेच राहील. अक्काची तारीख सत्तावीस.

जीव भांड्यात पडला. हिला सांगितलं, ती डोळे पुसत म्हणाली, "आता पंधरा दिवस कुणाचं काही भाषांतर करू नका."

२७ मे, बुधवार

सकाळी आठला तिला आत नेलं. जाताना मला म्हणाली, "बाहेर बसून त्या पाटीकडे बघत राहू नकोस." ऑपरेशन थिएटरबाहेर दिव्यांची पाटी आहे, 'सुरू आहे' असं लिहिलेली. मी बघत राहिलोच. साडेबाराला ती बदलली आणि 'पूर्ण' झालं. माझ्या शेजारचे लोक उठून एकमेकांना मिठ्या मारू लागले. मी जागचा हललो नाही. पूर्ण म्हणजे काय पूर्ण? कुणाच्या दृष्टीने? ही माझा हात धरून बसली होती. दहा मिनिटांनी सिस्टर स्वतः बाहेर आल्या. "काका, झडप बसली. छान चाललीय. संध्याकाळी भेटता येईल." तेव्हा कुठे उठलो.

सहा वाजता दोन मिनिटं आत सोडलं. नळ्या होत्या, डोळे अर्धवट उघडे. तिने माझी बोटं दाबली. जोरात दाबली.

१८ जून, गुरुवार

अक्का परवा तिच्या घरी गेली. आम्ही इथेच राहा म्हणत होतो, ऐकते कसली. शेजारीण झोपायला येते.

मुदतबाईच्या कंपनीने मला पुढचं काम दिलंय, पण माझ्या अटीवर. आधी यंत्र घरी आणून द्यायचं, आणि मजकूर झाला की तो वापरणाऱ्या पाच माणसांसमोर बसून वाचायचा. ती म्हणाली, मुदत दुप्पट लागेल. मग स्वतःच म्हणाली, लागू दे. शिवाय सिस्टरांनी माझ्या फोनवर एक सोय करून दिलीय. अक्काचे रोजचे आकडे, तिच्या मनगटावरच्या नव्या पट्ट्याने मोजलेली पावलं, सगळं आता घरबसल्या दिसतं.

आज अक्काचा फोन आला. "धाकट्या, सकाळी वाचनालयापर्यंत चालत जाऊन आले. येताना दोन पुस्तकं होती हातात. कुठेही टेकले नाही." दीड वर्षात ती फाटकापलीकडे चालत गेली नव्हती. आवाजात धाप नव्हती.

हिला सांगितलं, तिला खरंच वाटेना. "इतक्यात? बघा ना तुमच्या फोनमध्ये, पावलं मोजलेली असतील."

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. म्हटलं, बघायचं कशाला? अक्का म्हणाली ना, गेले होते.